तिसरी किल्ली आणि चौथं शील

जाईबाईंच्या नातीला बक्षीस मिळालं आणि जाईबाईंनी ते सगळ्या न्यू जर्सीला सांगितलं. यात त्यांची काही चूक नव्हती. कामठीत बिड्या वळून जिने पोरगा इंजिनियर केला, तिला चार माणसांत मान वर करून बोलायचा हक्क असतो, आणि जाईबाई तो हक्क शिळा होऊ देत नसत.

आयसेलिनच्या साडीच्या दुकानात त्यांनी पांढऱ्या साडीची घडी मोडायला लावली, काठ बोटाने चाचपला आणि दुकानदारणीला ऐकवलं, "बाकीच्यांची नातवंडं फोनपुढे नाचतात. नाच सुरू झाला म्हणेपर्यंत संपतो. आमची उपासना पिक्चर लिहिते. पुरा लांबलचक पिक्चर. बसून बघावा लागतो." दुकानदारीण म्हणाली वा मावशी, आणि साडीवरचे पाच डॉलर कमी केले. तेही जाईबाईंनी नातीच्या खात्यावर जमा धरले.

उपासनाने फोटो पाठवला होता आजीला एकटीला. हातात काचेचा चौकोनी ठोकळा, त्यावर काहीतरी कोरलेलं. जाईबाईंची शाळा तिसरीत संपली, ती मराठी. इंग्रजी अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसत. त्यांनी तो फोटो तिथल्या बौद्ध मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली निळा झेंडा आणि कमळाचं फूल. सचिव राजाराम मेश्राम यांनी तासाभरात जाहीर केलं की यंदा भीमजयंतीला समाजाच्या या कन्येचा शाल आणि ग्रंथ देऊन सत्कार होईल. पन्नास जणांनी हात जोडले.

मग राजारामांनी, माणूस चौकस, फोटो बोटांनी मोठा करून ठोकळ्यावरचं पिक्चरचं नाव वाचलं आणि कंप्युटरवर शोधलं. सापडलं ते कानोकानी गेलं.

ज्या ग्रुपवर सूर्य उगवायच्या आत फुलांचे ढीग पडत, तो ग्रुप मुका झाला. जाईबाईंना आधी वाटलं फोन बिघडला. मग स्वयंपाकघरात सुनेने, हर्षिताने, पोळी लाटता लाटता मान वर न करता सांगितलं.

"आई, तो तसला पिक्चर आहे."

"कसला?"

"तसला. मोठ्यांचा."

"मोठ्यांचेच असतात पिक्चर. लहानांचे कार्टून असतात."

"आई," हर्षिता म्हणाली आणि लाटणं ठेवलं. "तसला."

तेव्हा जाईबाईंना कळलं. एका खोलीत सहा माणसांचा संसार केलेल्या बाईला फार समजावून सांगावं लागत नाही. त्यांना राग आला तो आधी पिक्चरचा नाही, साडीच्या दुकानाचा. तिथे आता कोणत्या तोंडाने जायचं? पोरीने एक शब्द आधी सांगितला असता तर आपण निदान आवाज खाली ठेवला असता.

रवी, त्यांचा पोरगा, ऑफिसमधून आला तो बूट न काढताच बोलला. "तिने या घरात पाय ठेवायचा नाही. आणि जयंतीला मी येणार नाही. तुला सोडीन आणि गाडीत बसेन."

"तू बघितलास का तो पिक्चर?"

"मी कशाला बघू?" रवी म्हणाला आणि बूट काढायला खाली वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला.

जाईबाई आत वळल्या. पण उपासना चार वर्षांची असल्यापासून दर जयंतीला त्यांच्या मांडीशी बसली होती. मोठी झाली, जर्सी सिटीत वेगळी राहायला गेली, तरी जयंतीला आगगाडीने येऊन बसली. ती जागा रिकामी ठेवून वंदना घ्यायची, आणि लोकांनी त्या रिकाम्या जागेकडे बघायचं, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. पिक्चर गेला खड्ड्यात. पोरगी शेजारी पाहिजे होती.

त्यांनी फोन लावला.

"आजी, यू शेअर्ड इट? पूर्ण ग्रुपवर?"

"मग काय उशीखाली ठेवू? बक्षीस आहे म्हणालीस. कशाचं आहे ते नाही म्हणालीस."

"स्टोरीचं आहे. बेस्ट स्टोरी."

"त्याला गोष्ट लागते?"

तिकडून उपासना हसली, पण बरं वाटून नाही. "सगळे हेच विचारतात. आजी, मोठ्या कंपनीत मी तीन वर्षं लोकांना कॉफी आणून दिली. कोणी माझं एक पान वाचलं नाही. इथे म्हणाले, दीड तासाची गोष्ट लिही. मी लिहिली."

"त्या बायांवर जबरदस्ती होते का?"

"आमच्या सेटवर नाही. कोणी नको म्हटलं की कॅमेरा बंद, तसा रूल आहे, आणि मी स्वतः तिथे उभी असते. बाकी सगळ्या इंडस्ट्रीची गॅरंटी मी देत नाही."

जाईबाईंना या उत्तरातला शेवटचा भाग जास्त आवडला. सगळीकडे छान आहे म्हणाली असती तर त्यांनी फोन आपटला असता.

"मला हे काम पटलं असं समजू नकोस," त्या म्हणाल्या.

"ओके."

"जयंतीला येशील?"

"बाबा काय म्हणतात?"

"बाबाचं सोड. मी विचारते आहे."

"सत्कार आहे की कॅन्सल केला ते आधी विचार," उपासना म्हणाली. "आजी, मला लपूनछपून यायचं नाही."

रविवारी रवीच्या तळघरात नेहमीप्रमाणे वंदना झाली. जाईबाईंनी पंचशील दिलं, मागून सगळ्यांनी म्हटलं, मग माणसं खीर खाऊन पांगली आणि कार्यकारिणी मागे थांबली. कार्यकारिणी म्हणजे राजाराम. खजिनदार नंदू गजभिये. आणि युवा शाखेचे धम्मदीप वासनिक, मॅनहॅटनच्या बँकेत मोठ्या हुद्द्यावर, कडक शिस्तीचे. जाईबाई मानद अध्यक्ष. त्यांना अध्यक्ष कोणी केलं हे कोणाला आठवत नव्हतं आणि विचारायची छाती कोणाची नव्हती. रवी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला होता, बैठकीत नसल्यासारखा.

"आजी, झिरो टॉलरन्स," धम्मदीप सुरुवातीलाच म्हणाला. "सत्कार रद्द, आणि ग्रुपवर निवेदन. यंग जनरेशनला काय मेसेज जातो?"

"आधी एक सांगा. कोणी बघितला?" जाईबाईंनी विचारलं.

तिघांच्या माना एकदम नाही म्हणून हलल्या. इतकं एकमत मंडळात हिशेबालाही होत नसे.

"बघायची गरजच काय, मावशी?" राजाराम म्हणाले. "नावावरून कळतं."

"काय नाव?"

"द नोव्हेंबर टेनंट. म्हणजे नोव्हेंबरचा भाडेकरू."

"यात तुला काय वाईट कळलं? आमच्या चाळीत बाराही महिन्यांचे भाडेकरू होते."

नंदू हसला आणि राजारामांकडे बघून थांबला.

"मावशी, हसण्यावारी नेऊ नका," राजाराम म्हणाले. "आत्ता आपण तिसरं शील म्हटलं. कामेसु मिच्छाचारा. व्यभिचार करणार नाही. ज्या तोंडाने ते म्हटलं त्याच तोंडाने असल्या पिक्चरवालीचा सत्कार करायचा? आणि तसल्या प्रसंगांचं सोडा, गोष्टीत तरी काही नीती आहे का? ती नोरा, तळ्याकाठच्या तीन बंगल्यांची साफसफाई करणारी. मालक हिवाळ्यात नसतात, किल्ल्या हिच्याकडे. मालक एकेक करून येतात, व्हायचं ते होतं. आणि शेवटी काय करते? दोन किल्ल्या तळ्यात फेकते आणि सगळ्यात महागड्या बंगल्याची स्वतःकडे ठेवते. काय शिकायचं यातून? लोभ?"

जाईबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या की शहाण्या माणसाने सावध व्हावं.

"महागड्या नाही हो, दादा," नंदू म्हणाला. त्याच्याच्याने राहवलं नाही. "ते सगळ्यात लहान घर. छत गळतं त्याचं. बादली नाही का ठेवत ती?"

"बादली दुसऱ्या घरात."

"दुसऱ्याला तर बोट बांधलेली आहे धक्क्याला. बोटवाल्याचं छत गळेल का? तिने ती किल्ली ठेवली कारण तिला तिथे संसार करायचा आहे. सरळ आहे."

"संसाराचं कुठे दाखवलं? तो तर दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन निघून जातो."

"परत येणार असेल."

"नंदू," जाईबाई गोड आवाजात म्हणाल्या, "तू बघितला नाहीस ना?"

नंदूने खिरीच्या रिकाम्या वाटीत चमचा फिरवला. "बायको म्हणाली, लोक काय बोलतात ते निदान माहीत असावं. ती शेजारी बसली होती, मावशी. रिमोट तिच्याच हातात. तसलं काही आलं की पुढे ढकलायची."

"आणि राजाराम?"

"चौकशीसाठी," राजाराम म्हणाले. "सचिव आहे मी. तसले प्रसंग मीही ढकलले. एकही बघितला नाही."

"बरं. धम्मदीप, तू?"

"मी बघितलाच नाही, आजी. ऑन प्रिन्सिपल."

"तू शिकलेला आहेस, तूच सांग. या दोघांचं जुळत नाही. तिने तिसरी किल्ली का ठेवली असेल?"

"कसली किल्ली?"

"तीन किल्ल्या, रे. आत्ता राजाराम बोलला."

"नाही पण," धम्मदीप गोंधळून म्हणाला, "त्यात किल्ल्या कुठे होत्या?"

धम्मदीपचे कान कानशिलापासून खाली लाल होत गेले. जिन्यावर रवी खोकला.

जाईबाईंनी पदर सारखा केला. घाई करायचं कारण नव्हतं.

"म्हणजे या दोघांनी तसलं ढकललं आणि गोष्ट बघितली," त्या म्हणाल्या. "आणि या आमच्या युवा शाखेने गोष्ट ढकलली."

जाईबाई सचिवाकडे वळल्या.

"राजाराम, तिच्या तिसऱ्या शीलाचं आपण सावकाश बघू. चौथं काय आहे? मुसावादा. खोटं बोलणार नाही. तासाभरापूर्वी माझ्या मागून म्हणालात. खिरीचा गोडवा तोंडात आहे अजून, आणि तिघांनी मोडून ठेवलं. कोणाचा सत्कार रद्द करायचा ते सांगा आता."

नंदू म्हणाला, "मावशी, पाचवं मी पाळतो, दारूला शिवत नाही," पण फार हळू म्हणाला.

धम्मदीप बिचारा जमिनीकडे बघत बसला होता. पण माणूस हुशार. पकडला गेल्यावरही डोकं चालायचं थांबत नव्हतं. "आजी," तो म्हणाला, "एक सांगू? तो तिसरा माणूस. त्याचं मला तेव्हाच विचित्र वाटलं होतं. ती मध्येच नको म्हणते. आणि तो थांबतो. चिडत नाही, काही नाही. शर्ट घालतो आणि उठून चहा करायला जातो. मग कितीतरी वेळ नुसता चहा. मला वाटलं फाइलच खराब आहे."

"चहा?" राजारामांनी मान वर केली. "चहा कुठे होता?"

"तुम्ही ढकललात ना, काका."

"थांब," जाईबाई म्हणाल्या. "पहिल्या दोघांचं कसं?"

"ते दोघं तिला काही विचारतच नाहीत. जशी काय ती घरासोबतच मिळाली. सोफ्यासारखी."

"आणि तिसऱ्याला ती नको म्हणाली, आणि तो थांबला."

"हो."

"म्हणून त्याची किल्ली ठेवली," जाईबाई म्हणाल्या. जाणत्या बाईने भाजीतलं मीठ ओळखावं तशा म्हणाल्या, फार विचार न करता. "महाग नाही, लोभ नाही, संसार नाही. त्या एका घरात तिला परत जायची भीती नाही. एवढंच आहे ते."

राजाराम दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले. ज्या माणसाने पिक्चरचा पंचनामा करायचा म्हणून अख्खी संध्याकाळ घालवली, त्याने नेमका पुरावाच पुढे ढकलला होता. "गोष्ट त्यातच होती म्हणायची," ते पुटपुटले. पण सचिवकी त्यांच्या हाडात होती. ते लगेच सावरले. "मावशी, गोष्ट चांगली आहे, मान्य. पण लोक असला पिक्चर गोष्टीसाठी बघतात का?" आणि त्यांनी धम्मदीपकडे नुसतं बघितलं.

प्रश्न रास्त होता. जाईबाईंकडे त्याचं उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की त्या चहा मागवत. "हर्षिता," त्यांनी वर हाक मारली, "चार कप टाक. आलं घाल."

चहावर तोडगा निघाला. सत्कार करायचा. पण 'चित्रपट लेखिका' एवढंच म्हणायचं, पिक्चर कसला ते नाही, नावही नाही. कोणी विचारलं तर कौटुंबिक. नंदू म्हणाला, घरातच घडतो, म्हणजे कौटुंबिकच. जाईबाईंनी मान डोलावली. मनातून त्या फार खूश होत्या. पोरगी शेजारी बसणार, शाल मिळणार आणि साडीच्या दुकानातही जाता येणार.

त्यांनी लगेच उपासनाला फोन लावला आणि सगळी बैठक रंगवून सांगितली. धम्मदीपचा चहा ऐकून उपासना इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "आजी, तुला कळलं. न बघता कळलं. पिक्चर काढणाऱ्यांनीच मला चहाचा सीन कापायला सांगितला होता. माहितीये?"

"मग येतेस ना? नुसतं चित्रपट लेखिका म्हणायचं ठरलं आहे."

"म्हणजे कसला पिक्चर ते सांगणार नाही."

"सांगून काय मिळवायचं?"

"आणि कोणी विचारलं तर?"

"कौटुंबिक."

"चौथं शील, आजी," उपासना म्हणाली. "त्या तिघांचं मोडलेलं चालत नाही, आणि तुझं चालतं?"

"तू मला शिकवतेस?"

"तूच शिकवलंस. मी येईन. मागे बसेन, जेवेन आणि जाईन. पण माझं नाव घ्यायचं असेल तर कामाचंही घे. नाहीतर मी स्टेजवर येणार नाही."

जाईबाईंनी फोन ठेवला. दोन दिवस त्या घरात कोणाशी धड बोलल्या नाहीत. हर्षिताच्या वरणात मीठ जास्त निघालं, पोळ्या कच्च्या निघाल्या, आणि टीव्हीवरची बातमी देणारी बाईसुद्धा त्यांना उद्धट वाटली.

जयंतीला शाळेचा जेवणाचा हॉल घेतला होता. भिंतींना निळ्या पताका, टेबलांना कालच्या पिझ्झाचा वास. हर्षिता घरीच थांबली होती. रवीने आईला दारात उतरवलं आणि बोलल्याप्रमाणे गाडीतच बसला, गाडी चालू ठेवून. जाईबाई नव्या पांढऱ्या साडीत पुढे गेल्या. शेजारची खुर्ची रिकामी होती. उपासना मागच्या दाराशी, कचऱ्याच्या पिंपाजवळ बसली होती, तीही पांढऱ्यात. आजूबाजूच्या दोन्ही खुर्च्या लोकांनी मोकळ्या सोडल्या होत्या, जशी काय ओली होती पोरगी.

जाईबाईंनी त्रिशरण दिलं. पंचशील सुरू केलं. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला हॉलमध्ये थोडी चुळबुळ झाली आणि काही माना मागे वळल्या. जाईबाईंनी ते बघितलं. चौथ्याला त्यांचा आवाज अडला. एवढ्या वर्षांत कधी अडला नव्हता. दोनशे माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत थांबली. मग त्यांनी घसा साफ केला आणि चौथं शील दिलं, जरा मोठ्याने.

भाषणं झाली. सत्काराची वेळ आली तेव्हा राजारामांनी माइक त्यांच्या हातात दिला आणि सोबत दोन ओळींचा कागद. जाईबाईंनी कागद घडी करून कमरेला खोचला.

"जय भीम," त्या म्हणाल्या. "माझी नात उपासना मागे बसली आहे. ती पिक्चरच्या गोष्टी लिहिते. मी तुम्हाला सांगितलं होतं, पण अर्धं सांगितलं होतं. तो दार लावून बघायचा पिक्चर आहे. नाव नोव्हेंबरचा भाडेकरू. मला ते काम पटलेलं नाही. पण तिने गोष्ट खरी लिहिली आहे, आणि बक्षीस गोष्टीचं आहे. ज्यांनी बघितला त्यांनी अर्धाच बघितला. कोणी हे अर्धं, कोणी ते अर्धं. नावं घेत नाही."

पहिल्या रांगेत तीन माणसं आपापल्या बुटांकडे बघू लागली.

"शाल घ्यायची असेल तर ये, उपासना," जाईबाई म्हणाल्या. "नसेल घ्यायची तर माझ्या खांद्यावर टाक. इथे पंखा फार आहे."

उपासना आली. मधल्या वाटेने एकटीच चालत आली, आणि टाळी आधी बायकांच्या बाजूने वाजली; नंदूच्या बायकोने सुरू केली, रिमोटवालीने. पुरुषांनी वेळ घेतला. शाल धम्मदीपने आणली. नियोजनात ते काम युवा शाखेचं होतं. ती तिच्या खांद्यावर घालताना त्याने नजर इतकी वर ठेवली की शाल जवळजवळ डोक्यावर पडली.

"थँक यू," उपासना म्हणाली. "चहाबद्दल."

काही लोक न जेवता गेले. जे राहिले त्यांच्यातल्या चार-पाच बायका डाळीच्या रांगेत उपासनाच्या कानाशी येऊन पिक्चरचं स्पेलिंग विचारून गेल्या, बहिणीसाठी म्हणून. जाईबाई मात्र जिंकल्यासारख्या जेवल्या नाहीत. आयसेलिनचं ते दुकान आता त्यांना बंद झालं होतं. दुकानदारीण, जाईबाईंनीच कौतुकाने बोलावलेली, तिसऱ्या रांगेत बसली होती आणि जाताना जय भीमसुद्धा न म्हणता गेली.

बाहेर रवी गाडीत तसाच होता. जाईबाई मागच्या सीटवर बसल्या आणि पलीकडचं दार त्यांनी आतून ढकलून उघडलं. उपासना बसली. शाल मांडीवर.

"हिला स्टेशनवर सोड," जाईबाई म्हणाल्या. "गाडी असेल तिची."

रवीने गाडी रस्त्यावर घेतली. ओक ट्री रोडवर शनिवारची गर्दी होती, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. मग रवी आरशात न बघता म्हणाला, "ती किल्ली टेबलावर असते ना? साखरेच्या डब्याशेजारी?"

तळघरात टेबलाचा विषय निघाला नव्हता. साखरेच्या डब्याचा तर नाहीच.

"हो, बाबा," उपासना म्हणाली. "तो चहा करायला जातो तेव्हा तिथेच असते."

"मग ती उचलताना दाखवायला हवी होती. एकदम खिशातून निघते. मला कळलं नाही."

"दाखवली आहे. खिशातून निघायच्या थोडं आधी."

रवीने ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी हातभर पुढे घेतली. "तिथे मी ढकललं," तो म्हणाला.

"ओके," उपासना म्हणाली.

पुढे सिग्नल होता. तिथून उजवीकडे स्टेशन, डावीकडे घर. रवीने डावीकडचा दिवा लावला. तो टक-टक वाजू लागला.

जाईबाई खिडकीबाहेर साडीच्या दुकानाची पाटी सरकताना बघत होत्या. चौथ्या शीलाबद्दल त्यांना पोराला बरंच काही सुनवता आलं असतं, जिभेवर आलंही होतं. त्यांनी ते तसंच ठेवलं. घरी गेल्यावर हर्षिताला आधी चहा टाकायला सांगायचा होता.